पळीवाढी लाख

आमच्या घरात घट्ट काय आणि पातळ काय, हे ठरवण्याचा अधिकार बायकोचा. वरण पळीवाढं हवं, कढी भुरकता आली पाहिजे, पिठलं भाकरीवर बसलं पाहिजे, पळता कामा नये. चौतीस वर्षांत मी या खात्यात शब्दशः ढवळाढवळ केलेली नाही. त्यामुळे यंदा ज्येष्ठात मी काचेची बरणी, तिचा वजनकाटा आणि लिटरभर स्पिरिट घेऊन ओट्यापाशी उभा राहिलो, तेव्हा ती हातातलं निवडणं टाकून आली.

"काय चाललंय?"

"लाख पातळ करतोय."

"गॅसशेजारी? अहो, लाक्षागृहातून पांडव वाचले ते भुयार होतं म्हणून. आपण तिसऱ्या मजल्यावर आहोत."

माझी रवानगी बाल्कनीत झाली.

लाख हवी होती गिटारला. निवृत्तीनंतर दोन वर्षं खपून मी एक गिटार बनवली आहे. तिची पाठ आणि कडा आजोबांच्या शिसवी कपाटाच्या दारांच्या आहेत. (ते कपाट 'नुसतंच पडून होतं' याबाबत माझ्या आणि थोरल्या बहिणीच्या आठवणी जुळत नाहीत.) वरची फळी मात्र परदेशी स्प्रूसची, जेमतेम अडीच मिलिमीटर जाडीची. सगळा आवाज तिच्या थरथरण्यातून यायचा. तिच्यावर डब्यातल्या पॉलिशचा जाड थर चढवणं म्हणजे गवयाला रेनकोट घालून गायला बसवणं. लाखेचा थर अगदी पातळ बसतो. शिवाय नवा हात मारला की त्यातलं स्पिरिट खालचा हात जरासा विरघळवतं आणि दोन्ही एकजीव होतात. शंभर हात मारा, शेवटी थर एकच.

चपडा, म्हणजे पापड्यांच्या रूपातली लाख, आणायला बोहरी आळीत गेलो. दुकानदाराने पुडी बांधता बांधता न विचारता सांगितलं, "पाव किलोला लिटर घाला काका, बरोबर होतं." मी वाचून आलेल्या माणसाचं हसू हसलो. आमचा अभ्यास झाला होता. फ्रेंच पॉलिश, म्हणजे हेच लाखेचं काम, करणारे गोरे लोक लाखेचं प्रमाण 'पौंडात' मोजतात. एक गॅलन स्पिरिटात दोन पौंड लाख, की झालं दोन पौंडी मिश्रण. आता गॅलन कुठला? इंग्रजांचा साडेचार लिटरचा, अमेरिकनांचा पावणेचारचा. पहिल्या रात्री मी इंग्रजी गॅलन धरला, दुसऱ्या रात्री चूक कळली. तिसऱ्या रात्री कॅल्क्युलेटर, वही आणि दोन कप चहा खर्ची घालून उत्तर काढलं: लिटरला 240 ग्रॅम. पाव किलोला दहा ग्रॅम कमी. तेवढी लाख तर बरणीला चिकटूनच राहते.

चपड्याच्या पातळ, नारिंगी पापड्या स्पिरिटात टाकल्या की ताबडतोब तळाशी बसून त्यांचा गोळा होतो. "साबुदाणा भिजवताना मी काय करते? अधूनमधून हलवते," असं बाल्कनीच्या दारातून आलं. हलवलं. दुसऱ्या दिवशी गोळा विरघळला आणि तळाशी पांढरट ढग जमला. ते लाखेतलं मेण. वरचं निवळलेलं अलगद काढून मलमलीतून गाळलं, तेव्हा बाटलीत मधाच्या रंगाचं असं काही उतरलं की वयस्कर माणसाच्या हातात ते फार संशयास्पद दिसावं.

दिसलंच. तिन्हीसांजेला बाल्कनीतून स्पिरिटचा वास, कठड्यावर सोनेरी बाटली, आणि डोळे लाल झालेला मी. सोसायटीचे चेअरमन 'सहज' आले. बाटलीकडे बघत म्हणाले, "पातळ कशात करता?"

"स्पिरिटमध्येच."

"पाणी अजिबात नाही?"

"पाणी लागलं की सगळं वाया."

त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच माझ्याविषयी आदर दिसला. गैरसमज दूर करायला मी त्यांना कायदा सांगितला, ते चुकलंच. मुंबई दारूबंदी कायदा, 1949 च्या व्याख्यांमध्ये फ्रेंच पॉलिशचं नाव घेऊन उल्लेख आहे. विषारी करून ठेवलेल्या स्पिरिटचं पॉलिशदेखील लोक गाळून पितील, ही धास्ती सरकारने त्या काळी बाळगली होती आणि ती अनाठायी नव्हती. चेअरमनांनी एवढंच ऐकलं की माझ्या बाल्कनीतली वस्तू दारूबंदीच्या कायद्यात आहे. दुसऱ्या दिवसापासून दूधवाला माझ्याशी मोठ्याने आणि सावकाश बोलू लागला.

कापसाचा बोळा, त्यावर जुन्या धोतराचं मऊ फडकं, एक थेंब तेल, आणि इंग्रजी आठच्या आकारात हात. पहिले चार दिवस मी स्वतःवर खूश होतो. मग लोभ सुटला. रोज इतका पातळ हात मारायचा तर गिटार माझ्या वर्षश्राद्धाला तयार होणार, म्हणून मिश्रण थोडं दाट केलं. बोळा मध्येच थबकला, चिकटला आणि निघताना धोतराची वीण पाठीवर छापून गेला. आजोबांचं कपाट, आजोबांचंच धोतर. दोघांची भेट झाली. ते बुजवायला मिश्रण फार पातळ केलं, तर त्याने चार दिवसांची कमाई पुसून नेली. तेवढ्यात आषाढाचा पाऊस लागला आणि सगळ्या पाठीवर पांढरट साय धरली.

शेवटी मिरजेला गेलो. हे खरं तर आधी करायचं. दीडेकशे वर्षांपूर्वी तलवारींना धार लावणाऱ्या शिकलगारांच्या घराण्यातले फरीदसाहेब सतारी करू लागले आणि तेव्हापासून मिरजेचे तंबोरे देशभर वाजतात. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. तिथे लाख आणि स्पिरिट पिढ्यान् पिढ्या चालत आलेलं. सतारमेकर गल्लीत एका वृद्ध कारागिरापुढे मी बाटली ठेवली आणि दोन पौंडी, दीड पौंडी असं समजावू लागलो. त्यांनी मला बोलू दिलं. मग बोट बुडवून चिमटीत चोळलं, चिमूट उघडली, मिटली.

"दाट आहे, साहेब. चिमूट सुटताना जराशी अडायला पायजे. धरून ठेवायला नको."

"म्हणजे किती ग्रॅम?"

ते माझ्याकडे न बघता बाहेरच्या पावसाकडे बघत म्हणाले, "आणि हे आत्ता कशाला काढलंय?"

तेच कारण होतं. स्पिरिट उडताना पृष्ठभाग गार पडतो, दमट हवेतलं पाणी त्यावर धरतं, आणि लाख पांढरी होते. वही भरून केलेल्या आकडेमोडीत मी पावसाळा धरला नव्हता. चाचांनी चहा पाजला आणि पाऊस सरेपर्यंत बोळ्याला हात लावायचा नाही, असं बजावून परत पाठवलं.

आश्विनात आभाळ मोकळं झाल्यावर मी बरणी पुन्हा काढली. चिमटीची परीक्षा मला काही साधेना. दर वेळी वेगळंच उत्तर. तेव्हा बायको आली, काडीने मिश्रण वर उचललं, धार बघितली आणि म्हणाली, "पळीवाढं झालंय. याचं निम्मं करा." स्पिरिट ओतत गेली, मध्येच थांबली. "आता बस."

बोळा सरकला. अडला नाही, धरला नाही. मी थक्क झालो आणि तिने ताबडतोब मोबदला मागितला: विरघळवलेली लाख सहा-आठ महिन्यांत म्हातारी होते, मग नीट वाळत नाही, हे मीच तिला सांगितलं होतं. उरलेली वाया घालवण्यापेक्षा लक्ष्मीपूजनाचा चौरंग करून द्या.

चौरंग दोन दिवसांत झाला. सपाट फळी, ना वळण ना कोपरा, गिटारच्या मानाने पोरखेळ. फराळाला येणारा प्रत्येक माणूस चकलीचा तुकडा मोडता मोडता थांबे, चौरंगात स्वतःचं तोंड बघे आणि पॉलिशवाला कुठला, म्हणून विचारी. बायकोने सगळ्यांना माझा नंबर दिला.

सध्या बाल्कनीत दोन पाट आणि एक पाळणा आहे. काल चेअरमनांनी देव्हारा पाठवला, 'जरा लवकर बघा' अशी चिठ्ठी लावून. गिटार दिवाणाखाली ठेवली आहे. तिचा नंबर पाचवा.