काही करत नाही हो तो!

कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरील राज्य उद्यानांत सुटीच्या सकाळी जो श्वानवत्सल मराठी गृहस्थ हटकून भेटतो, तो वास्तविक कमालीचा कायदेभीरू असतो. प्राप्तिकराचे विवरणपत्र तो मुदतीच्या कितीतरी आधी दाखल करतो, आणि निर्मनुष्य चौकातही थांब्याची पाटी दिसताच मोटार पूर्ण उभी करतो. मात्र 'कुत्र्यांस मज्जाव' ही पाटी वाचून तिचा आपल्या खंड्याशी काही संबंध असेल असे त्याच्या मनातही येत नाही. कारण खंड्या हा कुत्रा आहे, हेच मुळी त्याला मान्य नसते. मुले इंग्रजीखेरीज बोलत नाहीत, सबब घरात मराठी ऐकून घेणारा, आणि क्वचित ऐकणाराही, असा हा एकच जीव उरलेला असतो.

हाफ मून बे येथील सरकारी शिरस्ता तसा सुबोध आहे. सहा फुटांहून अधिक लांब नसलेल्या पट्ट्याने बांधलेल्या कुत्र्याने कड्यावरील पायवाटेने खुशाल हिंडावे, परंतु खालच्या वाळूत पाऊल टाकू नये. कारण या किनाऱ्यावरचा स्नोई प्लोव्हर नावाचा इवलासा पक्षी उघड्या वाळूत नुसता खळगा करून वाळूच्याच रंगाची ठिपकेदार अंडी घालतो, कुत्रा जवळ येताच ती टाकून पळतो, आणि १९९३ पासून त्याची नोंद धोक्यात आलेल्या जातींत झालेली आहे. ही सारी हकिगत आमचे गृहस्थ भारतातून आलेल्या पाहुण्यांना सद्गदित स्वरात वाचून दाखवतात, आणि लागलीच खंड्याला वाळूत सोडतात.

"अहो, पाटी आत्ताच वाचलीत ना?"

"वाचली की. ती कुत्र्यांसाठी आहे."

रेंजर येऊन ठेपतो तेव्हा पट्टा गृहस्थांच्या खांद्यावर उपरण्यासारखा रुळत असतो आणि खंड्या कुजक्या शेवाळात यथेच्छ लोळत असतो. "काही करत नाही हो तो!" या चिरंतन वाक्याचा इंग्रजी तर्जुमा सादर होतो. तो नामंजूर झाल्यावर, साक्षात इंद्राने स्वर्गाच्या दारी अडविले असताही धर्मराजाने श्वानाची साथ सोडली नाही, असा दाखला दिला जातो; परंतु इंद्राच्या हाती दंडाच्या पावत्यांचे पुस्तक नव्हते, हा भेद रकमेचा आकडा वाचल्यावरच ध्यानात येतो.

कार्मेलनजीकच्या पॉइंट लोबोस राखीव क्षेत्रात तर अंमल याहून कडक. तेथे कुत्र्याला मोटारीत बसवूनही आत नेता येत नाही. तेव्हा सौभाग्यवती पाहुण्यांसह आत जातात, आणि गृहस्थ खंड्याला घेऊन बाहेर महामार्गाच्या कडेला बसून राहतात. उताणे तरंगत छातीवर शिंपले फोडणारे समुद्री ऊदमांजर पाहून मंडळी हरखून परततात, त्या वेळी ते खंड्याच्या पंजातले कुसळ काढण्यात गढलेले असतात. त्यानंतर येणाऱ्या प्रत्येक पाहुण्यास मात्र ते अधिकारवाणीने सांगतात, "पॉइंट लोबोस ना? उगीच नावाजलंय हो. आत पाहण्यासारखं काही नाही."