पस्तीस टाक रे!

दसऱ्याला आमच्या सोसायटीत गाड्यांची पूजा होते तेव्हा बॉनेटवर स्वस्तिक येतं, वायपरला झेंडूचा हार अडकतो, स्टिअरिंगलाही हळदकुंकू मिळतं. टायरच्या वाट्याला मात्र एकच लिंबू, तेही चिरडायला. वास्तविक टायरचा रस्त्याला टेकलेला भाग जेमतेम तळहाताएवढा. टनभर वजनाची गाडी, तुम्ही, बायको, मुलं, सासूबाई आणि त्यांनी मांडीवर घेतलेली लोणच्याची बरणी, सगळा भार असल्या चार तळहातांवर!

टायरमध्ये हवा किती, यावर मात्र प्रत्येकाचं ठाम मत असतं. खरा आकडा कंपनीने बहुधा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीत स्टिकरवर छापलेला असतो. ते दार आपण रोज उघडतो आणि आकडा विचारतो दुसऱ्यालाच. तिसऱ्या मजल्यावरचे काका पस्तीस पंथाचे. गाडी कुठलीही असो, ऋतू कोणताही असो, "पस्तीस टाक रे!" पहिल्या मजल्यावरचे साहेब जास्त शिकलेले, म्हणून ते थेट टायरवरचा आकडा वाचतात. तो त्या टायरला झेपणारा कमाल दाब असतो. साहेब तेवढी हवा भरूनच घेतात. त्यांच्या गाडीत बसलं की रस्त्यातला प्रत्येक खडा मणक्याशी बोलतो. वर टायर मधोमध झिजतो. हवा कमी ठेवली तर दोन्ही कडा झिजतात. काकूंचं म्हणणं, काही केलं तरी झिजतोच ना, मग भांडता कशाला?

नायट्रोजनवाले वेगळेच. साध्या हवेत 78 टक्के नायट्रोजन असतोच, तोही फुकट. पंपावर पैसे पडतात ते उरलेल्या 22 टक्क्यांची हकालपट्टी करायचे. कोरड्या वायूचा थोडाफार फायदा असेलही. पण महिनोन् महिने दाब न तपासणाऱ्याला तो काय कामाचा?

खरी मजा पंक्चरच्या दुकानात. आपल्या हमरस्त्यांवर ही दुकानं चालवणारे कितीतरी जण केरळचे. टायरभोवती जमणारा सल्लागार वर्ग मात्र अस्सल मराठी. अण्णा साबणाचं पाणी शिंपडतो, टायर हळूहळू फिरवतो. एका जागी बारीक फेस उठतो आणि सगळे एकदम ओरडतात, "तिथंच!" जणू खिळा त्यांनीच ठोकला होता. अण्णा पकडीने खिळा उपसतो, भोक घासून साफ करतो, चिकट रबरी वात सुईने आत ढकलतो, बाहेर राहिलेलं शेपूट कापतो. या सगळ्यात तो एक शब्द बोलत नाही. बोलतो ते फक्त खिळा टायरच्या बाजूच्या भिंतीत निघाला तर: "होणार नाही. नवीन घ्या." तिथला पॅच टिकत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक असतं. सल्लागारांना ते मान्य नसतं, पण टायर त्यांचा नसतो.

नवीन टायर घेतानाही आपली गंमत बघा. लग्न ठरवताना पत्रिका बघणारे आपण टायरची जन्मपत्रिका बघत नाही. ती टायरवरच कोरलेली असते, तिथल्या कोडचे शेवटचे चार आकडे: 2319 म्हणजे 2019 सालच्या तेविसाव्या आठवड्यातला जन्म. नक्षीची खोली 1.6 मिलिमीटरवर आली की टायर कायद्यानेही बाद. खाचांमध्ये त्याच उंचीचे बारीक उंचवटे मुद्दाम ठेवलेले असतात. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की समजायचं. काका म्हणतात, "अजून एक पावसाळा सहज जाईल." नेमका पावसाळाच जात नाही, कारण पाणी बाहेर फेकायचं काम त्या खाचांचंच असतं.

आणि स्टेपनी! ती डिकीत, सतरंजी, छत्र्या आणि भेळेच्या रिकाम्या डब्यांखाली. तिची आठवण घाटात, अंधार पडल्यावर येते. मग पान्यावर उभं राहून नट सैल करणं आलं. हे काम जॅक लावण्याआधी करायचं असतं, हे मागच्या सीटवरून सासूबाई सांगतात आणि त्यांचं बरोबर असतं. एवढं करून बाहेर काढलेल्या स्टेपनीतही हवा नसते.

तेव्हा पुढच्या खेपेला पंपावर चारही टायर तपासून घ्या, पण लांबून तापत आलेले नकोत, थंड असतानाच. आणि हवावाला निघायच्या आत डिकी उघडा, पाचवाही दाखवा.