संगणक २००९ सालातच बरा

कार्यालयातला संगणक रोज सकाळी २००९ सालात जागा होतो. कुणाला नवल वाटत नाही. बऱ्याच फायलीही तिथंच अडकल्यात. बँकेचं संकेतस्थळ मात्र उघडत नाही. त्याच्या सुरक्षा प्रमाणपत्राची मुदत अजून सुरूच व्हायची आहे, अशी ब्राउझरची तक्रार. तारीख मनावर घेणारं कुणीतरी आहे म्हणायचं!

मग उपाय सुरू होतात. अँटिव्हायरस झाला, फॉरमॅट झालं, नव्या संगणकाचा प्रस्तावही वर गेला. संगणक बंद असताना त्याचं घड्याळ मदरबोर्डवरची तीन व्होल्टची बटण-बॅटरी चालवते, सीआर २०३२ नावाची, हे सांगितलं की साहेब हिरमुसतात. एवढ्या किरकोळ वस्तूचं टेंडर कसं काढणार?

घड्याळ नेमकं साडेपाच तास चुकत असेल, तर बॅटरी निर्दोष आहे. एकतर टाइम झोन चुकलाय, नाहीतर विंडोज आणि लिनक्स एकाच यंत्रात नांदताहेत. विंडोज त्या घड्याळात स्थानिक वेळ धरतं, लिनक्स बहुधा यूटीसी. दोघांपैकी एकाची सेटिंग बदला. आणि बॅटरीच संपली असेल, तर कोपऱ्यावरच्या घड्याळजीकडून घेऊन या. मंजुरीची वाट पाहू नका.