स्वतःचा परीक्षक

परीक्षक म्हणून प्रस्तुत लेखकाइतका दयाळू माणूस मिळणार नाही. अट एकच, उत्तरपत्रिका त्याची स्वतःची असावी.

निवृत्तीनंतर त्याने इग्नूच्या अर्थशास्त्राला नाव घातलं. त्या पुस्तकांत अधूनमधून आपली प्रगती आपणच तपासायचे प्रश्न येतात. खाली उत्तरासाठी मोकळ्या ओळी, उत्तरं युनिटच्या शेवटी. गुण नाहीत, तपासायला कुणी नाही. आता उत्तरांच्या पानात डाव्या हाताचं बोट घालून ठेवण्यात गैर काय? शोधायचा वेळ वाचतो. बोट अवघडतं, म्हणून किंचित हलतं. हललं की पान फाकतं. फाकलं की नजर जाते. नजरेला कोण अडवणार? आणि नजर गेली की मनात येतं, ‘अरे, हेच तर लिहिणार होतो!’ मग लिहायचं तरी कशाला? बरोबरची खूण करून स्वारी पुढच्या युनिटला. कधी आधी लिहिलंच आणि जुळलं नाही, तर ‘आशय तोच’ या कलमाखाली पूर्ण गुण. नोकरीत गोपनीय अहवाल लिहिताना हाताखालच्या कुणाला ‘चांगला’च्या वर चढू न देणारा हाच तो माणूस.

अमेरिकेत सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या रोडिगर आणि कार्पिके यांनी २००६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांनी एक उतारा पुन्हापुन्हा वाचला, काहींनी एकदा वाचून तीनदा आठवून लिहिला. लक्षात राहण्याची खात्री वाचणाऱ्यांना जास्त होती. आठवड्याने त्यांना सुमारे ४० टक्के आठवलं, लिहिणाऱ्यांना ६१. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा मात्र वाचणारेच पुढे होते. लेखक स्वतःची परीक्षा पाच मिनिटांनीच घेतो.

अभ्यास केंद्रात त्याच्या शेजारी एक अंगणवाडीताई बसते. तिच्या पुस्तकात निम्म्या ओळी कोऱ्या, काठाला पेन्सिलीने ‘नाही आलं’. शाळेत ‘समजलं का?’ म्हटलं की सगळ्या वर्गाने ‘होऽऽ’ म्हणायचं. न म्हणणाऱ्याला उभं करायचं. वर्षानुवर्षं हे घोटून घेतल्यावर मोठ्या माणसाला एकदम ‘स्वतःशी खरं बोला’ म्हणून सांगायचं, याचा लेखकाला मनापासून राग येतो. त्या बाईंनी हे दोन शब्द कुठल्या धीराने लिहिले असतील!

“काका, मागणीची लवचिकता म्हणजे काय हो?”

“किंमत वाढली की मागणी घटते.”

“तो तर मागणीचा नियम. किंमत एक टक्का बदलली तर मागणी किती टक्के बदलते, असं असेल का?”

त्याने शेवटचं पान काढलं. तसंच होतं.

“हेच सांगत होतो,” तो म्हणाला, आणि तिला दहापैकी सात दिले.