पारिजातकापासून चार पावलं

परवा सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीतून पाणी आलं. नळातूनही येत होतं, पण भिंतीतून येणाऱ्याला जोर जास्त होता. आमच्याकडे पाणी आलं याचंच इतकं अप्रूप असतं की ते कुठून आलं हे कुणी विचारत नाही. त्यामुळे पहिली दोन मिनिटं घरात आनंदाचं वातावरण होतं. तिसऱ्या मिनिटाला डाळींचे डबे तरंगायला लागले.

घर नक्की कुठं आहे ते सांगत नाही. कर्जत आणि खालापूर तालुक्यांच्या वेशीवर कुठंतरी, असं समजा. पाणीपट्टीची बाकी हे त्यामागचं कारण नाही, असंही समजा. लोकलच्या नकाशात आम्ही मुंबईचं उपनगर आहोत, पण शेवटच्या टोकाचं. घर वडिलांनी 1978 साली बांधलं. वडील रेल्वेत होते. घाट चढायला गाडीच्या मागे जादा इंजिनं लावतात त्या कर्जत स्टेशनात त्यांची उमेदीची वर्षं गेली, त्यामुळे कुठल्याही गोष्टीला मागून भक्कम आधार हवा, असं त्यांचं मत होतं. पाइपही त्यांनी बघून-निवडून जीआयचेच घातले. "लोखंड आहे. माझ्यामागेही राहील," असं म्हणायचे. लोखंड राहिलं. त्यात पाणी राहिना, एवढंच.

"अहो, आधी मेन कॉक बंद करा!" ही ओरडली.

वाक्य साधं होतं. पण चाळीस-पन्नास वर्षांच्या घरात हे वाक्य उच्चारलं की सगळे एकमेकांकडे बघतात. मेन कॉक आहे, यावर घरात एकमत होतं. तो कुठं आहे, यावर मतं दोन आणि माणसंही दोनच. शेवटी मी वडिलांची डायरी काढली. सिमेंटच्या गोण्यांचा हिशोब, गवंड्याची उचल, आणि त्याखाली वडिलांच्या टपोऱ्या अक्षरात नोंद : 'मेन कॉक – पारिजातकापासून चार पावलं, विहिरीच्या दिशेनं.'

पारिजातक आम्ही गाडी घेतली तेव्हा तोडला. पोर्चसाठी जागा हवी होती. विहीर त्याच्याही आधी बुजवली, कारण नळ आला होता. नळ आल्यावर विहीर कशाला? मग या दोन्हींच्या स्मृतीवर पेव्हर ब्लॉक बसवले. तेव्हा सकाळी सव्वासहाला मी गंजीफ्रॉकवर पोर्चमध्ये उभा होतो आणि नसलेल्या झाडापासून नसलेल्या विहिरीच्या दिशेनं पावलं मोजत होतो. वडील पाच फूट चार इंच, मी पाच नऊ. पावलं कुणाची धरायची?

आता यातली गंमत बघा. आमच्या दोन तालुक्यांतलं जवळपास सगळं पाणी नकाशावर आहे. राजमाची-खंडाळ्याच्या डोंगरांतून उल्हास निघते आणि कर्जत, नेरळवरून खाली जाते. ती बदलापूर, कल्याण, उल्हासनगर करत कुणाकुणाला पाणी पाजते याचा हिशोब लिटरात ठेवलेला आहे. खालापूर तालुक्यात धावरी नदीवर मोरबे धरण आहे. मालकी नवी मुंबई महानगरपालिकेची. धरण 88 मीटरला भरतं, त्यात 190.89 दशलक्ष घनमीटर पाणी मावतं, आणि भरलं की नवी मुंबईचे लोक येऊन त्याची पूजा करतात. पाऊस आमचा, डोंगर आमचा, नारळ त्यांचा. पाताळगंगा खोपोलीहून निघते ती रसायनीच्या कारखान्यांना भेटून खाडीला लागते. एवढंच काय, उल्हासचं पाणी पंपांनी माथेरानच्या डोंगरावर चढवतात. आमच्याकडे पाणी वर चढतं, खाली उतरतं, बोगद्यातून जातं, धावत असतं. थांबत मात्र नाही. या दोन तालुक्यांत नियमानं थांबणारं पाणी एकच : भिंतीत मुरलेलं.

आणि पाइपांचं म्हणाल, तर पाइपांचं तीर्थक्षेत्र आमच्या डोक्यावरच आहे. टाटांचं खोपोलीचं वीजघर 1915 सालचं, भिवपुरीचं 1922 चं. लोणावळा-वळवण-शिरवट्याच्या तळ्यांतलं पाणी घाटावरून पाइपांतून पाचशे मीटरांहून जास्त खाली कोसळतं आणि खोपोलीत चाकं फिरवतं. इंद्रायणीच्या अंगानं बंगालच्या उपसागराला निघालेलं पाणी वाटेतूनच उचलून अरबी समुद्राकडे वळवलं, त्याला शंभर वर्षं उलटून गेली. दहा मीटर पाण्याच्या उंचीला दर चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलोचा दाब, या हिशोबानं तिथं पायथ्याशी पन्नास किलोंचा दाब. आमचं नळाचं पाणी जेमतेम गच्चीवरच्या टाकीत चढतं, नळाच्या चार मीटर वर. म्हणजे चारशे ग्रॅम. टाटांचा पाइप पन्नास किलो पेलतो आणि आमचा चारशे ग्रॅमला बसतो, याला काय म्हणावं? काही नाही. त्यांच्या पाइपाला रंग लावणारा, ठोकून बघणारा माणूस असतो. आमच्या पाइपाला आम्ही 1978 नंतर परवाच प्रथम भेटलो.

असो. डबे तरंगत होते.

मी फोनवर 'इमर्जन्सी प्लंबर' शोधला. तीस मिनिटांत दारात, अशी जाहिरात. पहिल्या ठिकाणी गोड आवाजात विचारलं, "सर, लोकेशन?" सांगितलं. "सर, ते पुण्याच्या बाजूला येतं ना? आम्ही मुंबई करतो." दुसरीकडे पुण्याचा नंबर लागला. त्यांनी कानावर मराठी ठेवून दिलं, "अहो, ते मुंबईत येतं." मी म्हटलं, खालापूर टोलनाका माहिती आहे ना? "हो, तिथनं जातो की आम्ही." तेच. आमच्याकडून सगळे जातातच.

मग आमच्या नेहमीच्या मिस्त्रीला फोन लावला. हा मुलगा गुणी. पाना धरण्याआधी चप्पल काढतो. "काका, संध्याकाळी येतो. सकाळी फार्महाऊसवर आहे, पूल भरायचाय. शनिवारी पार्टी आहे त्यांची."

"अरे, माझ्या घरात पूल भरलाय!"

"तुमचा वापरायचा नाहीये ना काका," तो म्हणाला. त्याला उलट बोलायचं नव्हतं. तो कामांचा क्रम लावत होता. सध्या आमच्या भागात सह्याद्रीच्या कुशीत, निसर्गाच्या सान्निध्यात, चोवीस तास पाणी असलेली सेकंड होम उठताहेत. पहिलं होम असलेल्या माणसाला प्लंबर तिसऱ्या नंबरावर. रेन डान्सचा नॉझल चोंदला तर ती इमर्जन्सी. आमच्या भिंतीतून पाणी उडतंय, तर तो रेन डान्सच, फक्त तिकीट नाही.

तोवर शेजारचे आप्पा आले. आप्पांच्या घरी 1982 चे पाइप आहेत, त्यामुळे त्यांना अनुभव आमच्यापेक्षा चार वर्षांनी कमी, पण आवाज मोठा. "सायकलची ट्यूब आण," म्हणाले. ट्यूबची पट्टी कापून त्यांनी पाइपावर ताणून गुंडाळली, वर सुतळी करकचून बांधली. पाण्याची धार थांबली आणि तिचं कारंजं झालं. मग एम-सील. त्याच्या पाकिटावर सूचना असते, की पृष्ठभाग कोरडा करून लावा. पाइप कोरडा असता तर एम-सील आणलं असतं का? हे बनवणाऱ्याच्या घरी नक्कीच पाण्याची टंचाई असणार.

पाणी न्हाणीकडे वळवू, असं ठरलं. न्हाणीतला ट्रॅप तुंबलेला. हा 'नहाणी ट्रॅप' म्हणजे आमचा अभिमानाचा विषय. बांधकामाच्या इंग्रजी पुस्तकांतसुद्धा त्याचं नाव तसंच छापतात. प्लंबिंगच्या साऱ्या शास्त्रात आपल्या न्हाणीनं एवढी एक जागा पटकावली, आणि तीच नेमकी केसांनी तुंबते.

सव्वासातला ही कढईनं पाणी उपसत होती, मी परातीनं, आप्पा सल्ल्यानं. आणि आठाच्या ठोक्याला चमत्कार झाला. कारंजं खाली बसलं. धार बारीक झाली. थेंब. थांबलं.

"दाबलं बघ मी," आप्पा म्हणाले.

दाबलं कुणी नव्हतं. आठ वाजले होते. नळाचं पाणी गेलं होतं. वीस वर्षं रोज सकाळी आठ वाजता 'मेल्यांनी बंद केलं' असं म्हणत दिवस सुरू करणाऱ्या आमच्या घरात त्या दिवशी पाणी गेलं म्हणून देवाला साखर ठेवली. चोवीस तास पाण्याची मागणी मी तत्काळ मागे घेतली आहे. पाइप नवे होईपर्यंत दोन तास पाणी हीच आमची सुरक्षा व्यवस्था.

संध्याकाळी मिस्त्री आला. चप्पल काढली, छिन्नीनं प्लास्टर उडवलं, वळणावरचा एल्बो कापून माझ्या तळहातावर ठेवला. बाहेरून अजून बरा होता, लग्नात माणसं दिसतात तसा. आत बघितलं तर लाल-काळ्या गाठी, एकीवर एक चढलेल्या. अर्ध्या इंचाच्या पाइपात पाण्याला उरलेली वाट मुगाच्या दाण्याएवढी. आणि फुटला कुठं? आट्यांवर.

"काका, पाइपाला आटे पाडले की वरचा जस्ताचा मुलामा जातो," तो म्हणाला. "लोखंड पण पातळ होतं. मग गंज तिथनंच धरतो. शिवाय तुम्ही पितळी कॉक लोखंडाला लावलाय. पितळेशेजारी लोखंड आधी खातं मार."

शिवाय रोजचा खेळ : पाणी गेलं की पाइप रिकामा, आत हवा, ओल्या लोखंडाला हवा मिळाली की गंजाला आणखी काय लागतं? सकाळी पाणी सुटलं की आधी फुसफुस हवा, मग लाल पाणी, मग पाण्याचा धक्का एल्बोवर. वर्षाचे तीनशे पासष्ट धक्के. घाटातल्या गाडीलासुद्धा एवढे बसत नसतील. खोपोलीत नाना फडणविसांनी बांधलेला तलाव दोनशे वर्षांहून जुना, अजून भरलेला असतो. कारण त्याला एकही एल्बो नाही.

"सगळी लाइन बदला काका. सीपीव्हीसी घाला, भिंतीच्या बाहेरून."

"बाहेरून? वाईट दिसेल."

"दिसू दे की. दिसेल तरच बघाल."

मी गप्प बसलो. एवढं खरं बोलायचे पैसे त्याने लावले नाहीत. ही मात्र म्हणाली, गणपती होऊ देत, मग बघू. मी म्हटलं, दिवाळी होऊ दे. मग त्यानं नवा एल्बो घातला, आट्यांवर सूत गुंडाळलं, सफेदा लावला आणि म्हणाला, "सध्या चालवून घ्या." आमच्याकडे 'सध्या'चं आयुष्य जीआय पाइपापेक्षा मोठं असतं.

उपसताना कंबर धरली होती, म्हणून रात्री मी स्वतःची कीव करत बसलो. बातम्यांत कुठल्या तरी वाडीवर टँकर निघाल्याचं दाखवत होते. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या या मुलखात डोंगरातल्या ठाकर-कातकऱ्यांच्या वाड्यांवर एप्रिल-मेमध्ये बायका डोक्यावर हंडे घेऊन उतरतात, ओहोळाच्या कडेला उकरलेल्या डबक्यातून वाटीवाटीनं पाणी भरतात. त्यांच्याकडे पाइप फुटत नाही. त्यांची अडचण दर वर्षी ठरल्या महिन्यात येते, म्हणून तिला इमर्जन्सी म्हणत नाहीत, टंचाई म्हणतात. इमर्जन्सीला प्लंबर लागतो, टंचाईला आराखडा. आराखडा वेळेवर तयार असतो. मी टीव्ही बंद केला. डाळी वाळत घातल्या होत्या, त्या बघायला उठलो.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीनं मेन कॉक शोधून दिला. डायरी न वाचता. पेव्हर ब्लॉकवर पहारीच्या बुडानं ठोकत गेला, एका जागी आवाज पोकळ आला. गाडी पुढं घेतली, चार ब्लॉक उचलले. खाली विटांचा चौकोन, त्यात माती, मातीत कॉक. त्यानं चाक फिरवलं. चाक हातात आलं. बाकीचा कॉक तिथंच राहिला, वडिलांच्या शब्दाप्रमाणे.

आता तिथं नवा बॉल व्हॉल्व आहे, वर झाकण आहे. पाइप अर्थातच जुनेच. काल वडिलांच्या नोंदीखाली मी माझ्या अक्षरात नवी नोंद करून ठेवली. मुलगा पुण्यात असतो. उद्या त्याला लागेल. लिहिलंय : 'मेन कॉक – गाडीच्या पुढच्या डाव्या चाकाखाली. गाडी विकू नये.'