लहान भूमिकेचे मोठे पुरस्कर्ते

सांगलीत विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली ‘सीता स्वयंवर’ रंगवलं, म्हणून आपण ५ नोव्हेंबरला रंगभूमी दिन साजरा करतो. नटराजाला हार, नारळ, मग भाषणं. त्यात ‘भूमिका लहान-मोठी नसते’ हे वाक्य हमखास येतं आणि ते म्हणणाऱ्याचं नाव जाहिरातीत सर्वांत मोठ्या टायपात असतं!

इकडे विंगेत एक पोरगा काळा टी-शर्ट घालून अंधाराची वाट पाहत उभा असतो. ब्लॅकआउट झाला की धावायचं, सोफा उचलायचा, रेडियमच्या खुणेवर बरोबर ठेवायचा, टीपॉयवर चहाचा कप मांडायचा आणि दिवे लागायच्या आत गायब. सोफा हातभर सरकला तर नायकाचं हृदयद्रावक स्वगत प्रकाशझोताबाहेर! तेव्हा मात्र त्या पोराचं नाव सगळ्यांना एकदम आठवतं, तेही आईवडिलांसकट. त्याला कुणी भाषणाला बोलवत नाही हे बरंच आहे. खरं काय ते बोलून बसेल.

तेव्हा रसिकहो, नाटकाआधी पडद्यामागची नावं पुकारली जातात, तेवढा वेळ तरी वेफर्सची पिशवी वाजवू नका.