पाणथळ कशास म्हणू नये

पर्यावरण समजून घ्यायचे तर आधी शब्द समजले पाहिजेत, आणि त्यासाठी नागपूरसारखी शाळा नाही. पर्यावरण अभियांत्रिकीची राष्ट्रीय संस्था, नीरी, इथेच आहे. ज्या नागनदीवरून गावाचे नाव पडले तिला गावकरी आपुलकीने ‘नाला’ म्हणतात.

खरी गोडी ‘पाणथळ’ या शब्दात आहे. भाबड्या माणसाला वाटते, पाणी, चिखल, बगळा म्हणजे पाणथळ. तसे नसते. २०१७च्या केंद्रीय नियमांनुसार नदीचे पात्र पाणथळ नाही, भातशेत नाही, आणि सिंचनासाठी, पिण्यासाठी वा करमणुकीसाठी माणसाने बांधलेला तलावही नाही. आमचा फुटाळा तलाव भोसल्यांनी बांधला. काठावरच्या जाणत्यांना तो दोन शतके तळे वाटत आला. संगीत कारंजे बसले तेव्हा त्याचा खरा दर्जा कळला.

व्याख्या इतकी नेमकी असताना हिवाळ्यात परदेशी बदके कागदपत्रे न पाहता उतरतात, हा शुद्ध बेशिस्तपणा आहे. त्यांच्यासाठी काठावर एक खिडकी उघडावी, जलाशयाच्या उत्पत्तीचा दाखला तपासावा आणि मगच पाय ओले करू द्यावेत. हाच न्याय उन्हाळ्यालाही लावावा. सिमेंट रस्त्यांची धग मानवनिर्मित आहे, ती तापमानात का धरायची?

२३ सप्टेंबर २०२३च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, नागनदी फुगली आणि वस्त्यांत पाणी शिरले. सोफ्यापर्यंत पाणी, खाली गाळ, वर बेडूक. काही उत्साही मंडळींना पाणथळीची शंका आली. पण घरे मानवनिर्मित निघाली.